कर्नलमधल्या (लायनक्सच्या गाभ्यातल्या) घटना वाचताना अधूनमधून '० बाइटची' घटना येते आणि टूल अडकतं. काय चुकतंय?

रात्रपाळी | रात्री ११:४०

नमस्कार मंडळी. सोलापूरच्या एमआयडीसीत एका टॉवेल कारखान्यात मागांची नोंद ठेवणाऱ्या यंत्रणेचं काम बघतो. दर आठ मागांमागे चार कोरचा एक छोटा एआरएम (मोबाइलमध्ये असतो त्या जातीच्या प्रोसेसरचा) बोर्ड आहे, त्यावर लायनक्स. आडवा धागा तुटला की सेन्सर इंटरप्ट (प्रोसेसरला हातातलं काम थांबवायला लावणारा इशारा) देतो, आमचा प्रोग्राम तो पकडतो आणि "अमुक माग अमुक वाजता थांबला" असं लिहून ठेवतो.

तक्रार अशी की काही नोंदी दोन-तीन सेकंद उशिराच्या असतात. माग सांभाळणारा जॉबर म्हणतो माग आधीच थांबला होता, वही म्हणते नंतर थांबला. त्यावरून रोज पाळीला वाद. उशीर नेमका कुठे होतो ते शोधायला मी एक छोटं ट्रेसिंग टूल लिहिलं. परफ_इव्हेंट_ओपनने (लायनक्सच्या परफ या मोजमाप यंत्रणेचं दार) इंटरप्ट आत आल्याचा, प्रोसेस जागी झाल्याचा आणि प्रोसेस बदलल्याचा असे तीन ट्रेसपॉइंट (कर्नलमधल्या नोंद घ्यायच्या जागा) उघडतो. प्रत्येक कोरला एक रिंग बफर (टोक आलं की पुन्हा सुरुवातीपासून लिहायची मेमरी), १ + ६४ पानं, पहिलं हिशोबाचं आणि बाकीची डेटाची, म्हणजे २५६ केबी डेटा.

माझ्या लॅपटॉपवर टूल रात्रभर चाललं, काही झालं नाही. बोर्डवर मात्र दोन ते सहा तासांत कधीतरी अडकतं. एक कोर १०० टक्के, आणि पुढे एकही घटना येत नाही. जीडीबी (चालू प्रोग्राम आतून बघायचं टूल) लावून बघितलं तर घटनेच्या हेडरमध्ये, म्हणजे तिच्या सुरुवातीच्या माहितीत, आकार शून्य. मी आकाराएवढं पुढे सरकतो, आकारच शून्य म्हणून जागच्या जागी फिरत राहतो.

प्रश्न एवढाच: शून्य आलं तर किती बाइट ओलांडून पुढे जाऊ?

---

कडकभाकरी | रात्री ११:५२

शीर्षक न वाचताच धागा उघडला. आत टॉवेल, माग, तुटलेला धागा बघून वाटलं बरोबर ठिकाणी आलो. मग परफ आलं. तरी बसलोय, वाचतो.

---

शून्यबाइट | रात्री १२:०५

आठ बाइट ओलांडा. हेडर आठ बाइटचंच असतं. माझ्या एका टूलमध्ये असंच केलंय, दोन वर्षं चालू आहे.

---

होटगीरोडकर | सकाळी ६:३०

रात्रपाळी, काही ओलांडू नका. आधी हे समजून घ्या की कर्नल शून्य आकाराची घटना कधी लिहीतच नाही. हेडर असं असतं: पहिले चार बाइट प्रकार, पुढचे दोन बाइट किरकोळ खुणा, शेवटचे दोन बाइट पूर्ण घटनेचा आकार. हेडरही त्या आकारात धरलेलं असतं, त्यामुळे आठपेक्षा कमी आकार येऊच शकत नाही. तुम्हाला शून्य दिसलं याचा अर्थ तुम्ही जिथे बघताय तिथे हेडर नाहीच. दुसरंच काहीतरी आहे आणि तुम्ही त्याला हेडर समजताय.

तीन गोष्टी सांगा.
डेटा_हेड (कर्नलने कुठवर लिहिलं तो आकडा) कसं वाचता?
डेटा_टेल (तुम्ही कुठवर वाचलं तो आकडा) कधी लिहिता?
घटना बफरच्या टोकावर दुभंगली तर काय करता?

आणि अडकल्यावर हेडरमध्ये बाकीचे आकडे काय होते तेही द्या. नुसतं "शून्य" चालणार नाही, आठही बाइट हवेत.

---

एफट्रेसप्रेमी | सकाळी ८:१०

एवढा खटाटोप कशाला? एफट्रेस ही कर्नलचीच दुसरी ट्रेसिंग यंत्रणा आहे, तिच्या ट्रेसएफएस फोल्डरातली ट्रेस_पाइप फाइल वाचा, सरळ मजकूर मिळतो. इंटरप्ट आणि शेड्युलर (प्रोसेसची पाळी ठरवणारा) दोन्हीच्या घटना तिथे आहेत. एफट्रेस २००८ पासून कर्नलमध्ये आहे, परफ त्यानंतर २००९ मध्ये आलं. जुनं ते मुरलेलं.

---

रात्रपाळी | सकाळी ९:२५

@एफट्रेसप्रेमी, ट्रेस_पाइपने सुरुवात केली होती. पण त्या बोर्डवर मजकूर बनवण्याचाच भार एवढा पडला की नोंदींचा उशीर आणखी वाढला.

@होटगीरोडकर काका, उत्तरं देतो.

डेटा_हेड साध्या व्हेरिएबलसारखं वाचतो. मग टेलपासून हेडपर्यंतचा सगळा तुकडा मेमकॉपीने माझ्या स्वतःच्या बफरमध्ये घेतो. टोकावर दुभंगला तर दोन भागांत घेतो, तेवढं नीट केलंय. कॉपी झाली की लगेच डेटा_टेल लिहितो, तेही साधंच, आणि मग माझ्या बफरमधून निवांत एकेक घटना सोडवतो.

काल रात्री अडकला तेव्हाचे आकडे:
प्रकार १७४०९१२६३८
खुणा ३३५२
आकार ०

त्याआधी नीट छापली गेलेली शेवटची घटना १४,४०१.२ सेकंदांची होती.

---

तिसरे_वर्ष | सकाळी ९:५०

मी इथल्याच इंजिनिअरिंग कॉलेजला आहे, एक मूलभूत प्रश्न. कर्नल आणि आपण एकाच बफरवर काम करतो तर मध्ये कुलूप का नाही? एकाने लिहिताना दुसऱ्याने थांबायचं, संपलं.

---

होटगीरोडकर | सकाळी १०:१५

चांगला प्रश्न. घटना इंटरप्टच्या आतूनही लिहिली जाते. तिथे कर्नल "वाचणाऱ्याचं होऊ दे" म्हणून थांबून राहू शकत नाही. वाचणारा तुमचा-माझा प्रोग्राम, तो झोपला तर अख्खं मशीन त्याच्यासाठी ताटकळणार का? म्हणून कुलूप नाही, दोन आकडे आहेत. हेड फक्त कर्नल लिहितो: "इथपर्यंत लिहून झालं." टेल फक्त आपण लिहितो: "इथपर्यंत वाचून झालं." एक आकडा एकच जण लिहितो, त्यामुळे भांडण नाही. बफर भरला तर कर्नल नव्या घटना सोडून देतो आणि जागा झाली की "इतक्या घटना हरवल्या" अशी एक वेगळी नोंद टाकतो.

हेड कधी मागे फिरत नाही, वाढतच जातो. तो बफरच्या आकारात बसवायचं काम आपलं. म्हणूनच डेटाची पानं दोनाच्या घातात लागतात, मास्क लावला (वरचे बिट काढून टाकले) की झालं.

रात्रपाळी, तुमचं "साधंच वाचतो" आणि "साधंच लिहितो" मला खटकलंय. दुपारी सविस्तर लिहितो.

---

अनघा_पुण्यात | सकाळी ११:०२

मी मूळची सात रस्त्याजवळची, सध्या पुण्यात याच कामात. काका लिहितीलच, पण ते आकडे बघून मला राहवलं नाही.

रात्रपाळी, ते आठ बाइट हेडर म्हणून बघू नका, एकच ६४ बिटचा आकडा म्हणून बघा. बोर्ड लिटल एंडियन आहे, आकड्याचा खालचा भाग मेमरीत आधी ठेवतो, त्यामुळे खालचे ३२ बिट म्हणजे तुमचा "प्रकार", त्यावरचे १६ म्हणजे "खुणा", सगळ्यात वरचे १६ म्हणजे "आकार".

३३५२ गुणिले ४,२९,४९,६७,२९६ (२ चा ३२ वा घात) अधिक १,७४,०९,१२,६३८. बेरीज येते १४३९८४७१२८८८३०.

नॅनोसेकंद धरा: १४,३९८.४७ सेकंद. म्हणजे बोर्ड सुरू झाल्यापासून ३ तास ५९ मिनिटं ५८ सेकंद.

ती वेळ आहे, दादा! एका जुन्या घटनेच्या पोटातली वेळ तुम्ही हेडर म्हणून वाचली. आणि तुमची शेवटची धड घटना १४,४०१.२ ची. म्हणजे तिथे २.७ सेकंद आधीचे बाइट होते. तुमचा बफर साधारण तेवढ्याच वेळात एक फेरा मारत असणार.

---

रात्रपाळी | सकाळी ११:२०

ताई, आत्ता गणित केलं. सेकंदाला साधारण १२०० घटना, एकेक ८० बाइटच्या आसपास. २५६ केबी भरायला पावणेतीन सेकंद. तंतोतंत एक फेरा!

चार दिवस मी त्या शून्याकडे बघत होतो. शेजारच्या दोन आकड्यांत वेळ दडलीय हे डोक्यातच आलं नाही.

---

कडकभाकरी | सकाळी ११:३१

अनघाताई, गड्ड्याच्या जत्रेला याल तेव्हा शेंगाचटणीचा डबा माझ्याकडून. गणित मला अर्धंच कळलं, पण अंगावर काटा आला.

---

होटगीरोडकर | दुपारी २:४०

अनघाने अर्धं काम केलं, शाबास. आता उरलेलं.

सापडलेले बाइट जुने आहेत ही फार मोलाची खूण आहे. तुमच्या कोडमध्ये दोन चुका आहेत आणि दोघींचे परिणाम उलटे आहेत.

पहिली, हेड वाचल्यावर अडसर (वाचन-लेखनाचा क्रम पाळायला लावणारी सूचना) नाही. कर्नल आधी घटना लिहितो, मग अडसर घालतो, मग हेड पुढे करतो. त्याने क्रम पाळला. पण तुमच्या बाजूला एआरएमला मोकळीक आहे, तो डेटा आधी वाचून ठेवू शकतो आणि हेड नंतर. "पण किती कॉपी करायचं हे तर हेडवरून ठरतं" असं म्हणाल. प्रोसेसर अंदाजाने पुढे धावतो, शाखा ठरायच्या आधीच पुढची वाचनं करून ठेवतो. मग हेड नवीन, बाइट जुने.

दुसरी, टेल लिहिण्याआधी अडसर नाही. तिथे "वाचून झालं" हे कर्नलला आधी दिसू शकतं आणि तुमचं वाचन मागून होऊ शकतं. तेवढ्यात कर्नलने त्या जागेवर लिहिलं तर तुम्हाला पुढच्या फेऱ्याचे, म्हणजे नवे बाइट दिसतील.

तुम्हाला जुने दिसले. म्हणजे कालचा गुन्हेगार पहिली चूक. दुरुस्त मात्र दोन्ही करायच्या.

लॅपटॉपवर का घडलं नाही, तर लॅपटॉपच्या एक्स८६ प्रोसेसरवर एकामागून एक केलेल्या दोन वाचनांचा क्रम प्रोसेसर उलटा दिसू देत नाही. तिथे फक्त कंपायलरने गडबड करायची बाकी राहते. लॅपटॉपवर रात्रभर चाललं यावरून या चुकीबद्दल काहीच कळत नाही.

---

साखरपेठी | दुपारी ३:३०

मी संगणकवाला नाही, आमच्या घरी तीन पिढ्या माग. पण होटगीरोडकर सांगतात ते मला आमच्या सुताच्या गोदामावरून कळलं, बरोबर आहे का सांगा.

वडिलांचा नियम होता की माल उतरवणारा आधी बीम (सुताचं मोठं रीळ) फळीवर ठेवणार, मगच वहीत आकडा लिहिणार. आणि नेणाऱ्याने आधी वही बघायची, मग फळीकडे जायचं. एकदा एक नवा पोरगा जाता जाता फळीवर नजर टाकून आला, "सातव्या जागेवर पांढरं सूत आहे" हे डोक्यात ठेवलं, मग वही बघितली. वहीत सात बीम आलेले, हिशोब जुळला. पण त्याने बघितलं तेव्हा सातव्या जागेवर मागच्या खेपेचं उरलेलं सूत होतं, नवं लाल बीम नंतर ठेवलं गेलं. मागावर गेल्यावर कळलं. वही खरी होती, फळीही खरी होती, बघायचा क्रम चुकला.

---

होटगीरोडकर | दुपारी ३:४४

साखरपेठी, पुढच्या वेळी शिकवताना मी हेच सांगणार. अगदी हेच आहे.

---

शून्यबाइट | दुपारी ४:१०

कारण मान्य. तरी माझं म्हणणं कायम आहे. कारखान्यात रात्री दोनला टूल अडकून चालत नाही. अडसर घाला आणि वर शून्य ओलांडण्याची सोयही ठेवा. त्यात नुकसान काय?

---

अनघा_पुण्यात | दुपारी ४:४८

नुकसान आहे, आणि मोठं आहे. तो आकार शून्य का आला? वेळेच्या आकड्याचे वरचे १६ बिट शून्य होते म्हणून. २ चा ४८ वा घात नॅनोसेकंद म्हणजे जवळजवळ ७८ तास, सव्वातीन दिवस. बोर्ड त्याहून जास्त वेळ सुरू राहिला की तिथे शून्य नाही, १ दिसेल. मग तुमची शून्याची तपासणी गप्प बसणार, टूल एक बाइट पुढे सरकणार आणि तिथून पुढे सगळं वाकडं वाचणार. अडकणार नाही, पण खोट्या वेळा छापत राहील. अडकलेलं टूल दिसतं तरी.

रात्रपाळी, तुमचे बोर्ड सव्वातीन दिवस सलग चालतात का?

---

रात्रपाळी | सायंकाळी ५:१५

चालतात! आठवड्याच्या सुट्टीलाच मेन स्विच बंद होतो. आणि खरं सांगायचं तर आठवड्याच्या शेवटी शेवटी मला टूलमध्ये काही विचित्र ओळी दिसायच्या, भलतेच प्रोसेस क्रमांक. मी त्या "सेन्सरचा गोंधळ" म्हणून सोडून दिल्या होत्या. त्या ओळींवरून मी एका जॉबरच्या मागाचा अहवालही दिला होता. उद्या सकाळी जाऊन तो अहवाल मागे घेतो, त्याला स्वतः सांगतो.

---

शून्यबाइट | सायंकाळी ५:४०

अनघाताई, हे लक्षात आलं नव्हतं. माझं दोन वर्षं चालू असलेलं टूल आज रात्रीच उघडून बघतो. माझाही बोर्ड एआरएमच आहे.

तरी बेधडक बंद पडणं मला पटत नाही. मधला मार्ग असा सुचवतो: आकार आठपेक्षा कमी, किंवा उरलेल्या तुकड्यापेक्षा जास्त, किंवा आठच्या पटीत नाही, तर तो अख्खा तुकडा टाकून द्यायचा, मोजणी एकने वाढवायची, ती मोजणी ठळक छापायची आणि पुढच्या हेडपासून सुरू. अंदाजाने ओलांडायचं नाही.

---

होटगीरोडकर | सायंकाळी ६:०५

हे मला मान्य. अट एकच, मोजणी शून्यावरून हलली की कोणीतरी झोपेतून उठून बघायचं.

आता दुरुस्ती. हेड वाचताना ॲक्वायर पद्धतीचं ॲटॉमिक वाचन (पुढची वाचनं आधी सरकू न देणारं), टेल लिहिताना रिलीज पद्धतीचं ॲटॉमिक लेखन (आधीची वाचनं मागे राहू न देणारं). सी मध्ये दोन ओळींचा फरक. कर्नलच्या सोर्समध्ये टूल्स फोल्डरात रिंग_बफर नावाची हेडर फाइल आहे, तिच्यात हेड वाचण्याचं आणि टेल लिहिण्याचं असं एकेक छोटं फंक्शन तयार आहे. वरची टिप्पणी सावकाश वाचा, कोणता अडसर कोणाशी जोडीने चालतो ते चित्रासारखं मांडलंय.

आणि दुरुस्तीनंतर "आता दोन दिवस अडकलं नाही" असं सांगायला येऊ नका, ते मी ऐकणार नाही. सहा तासांत एकदा येणारी चूक दोन दिवस न येणं हा योगायोगही असू शकतो. आधी जुन्या कोडवर ती चूक पुन्हापुन्हा घडवून दाखवा. बफर लहान करा, भार वाढवा. मग नवा कोड त्याच भट्टीत घाला.

---

एफट्रेसप्रेमी | सायंकाळी ७:२०

जाता जाता, एफट्रेसचा कच्चा बफर वाचणाऱ्यांसाठी. तिथली मांडणी पूर्ण वेगळी आहे, परफची समजूत तिथे नेऊ नका. घटनेच्या पहिल्या ३२ बिटांत ५ बिट प्रकार किंवा लांबीचे आणि २७ बिट मागच्या घटनेपासूनच्या वेळेचे. २७ बिटांत मावत नाही एवढं अंतर पडलं की वेळ वाढवणारी वेगळी घटना येते, ती विसरलात तर सगळ्या वेळा घसरतात. माझा आठवडा त्यात गेला होता.

---

तिसरे_वर्ष | रात्री ९:००

सी मधलं व्होलाटाइल लावलं तर नाही का चालणार? पुस्तकात तेच दिलंय.

---

अनघा_पुण्यात | रात्री ९:१८

नाही रे. व्होलाटाइल फक्त कंपायलरला सांगतं की हे वाचन गाळू नकोस, पुन्हा कर. प्रोसेसरला त्यातला एक शब्दही ऐकू जात नाही. एआरएमवर प्रोसेसरलाच सांगावं लागतं. घरी एखादा जुना छोटा बोर्ड असेल तर दोन थ्रेड (एकाच प्रोग्रामचे समांतर चालणारे भाग) लिहून स्वतः करून बघ, एक डेटा लिहून झेंडा वर करतो, दुसरा झेंडा बघून डेटा वाचतो. वाचून पटत नाही ते.

---

रात्रपाळी | सहा दिवसांनी, रात्री १०:३०

काका, तुम्ही सांगितलं तसंच केलं. बफर १ + ८ पानांवर आणला आणि बाजूला परफ बेंच शेड मेसेजिंग (भार टाकणारी परफचीच चाचणी) फिरवत ठेवलं, म्हणजे प्रोसेस बदलल्याच्या घटनांचा पाऊस. जुना कोड ४० मिनिटांत तीनदा अडकला. तिन्ही वेळा वाईट हेडर कॉपी केलेल्या तुकड्याच्या अगदी शेवटाला होतं, म्हणजे कर्नलने नुकतंच लिहिलेलं ठिकाण. तिन्ही वेळा अनघाताईंचं गणित केलं, दोनदा वेळच निघाली.

मग त्या दोन ओळी बदलल्या. तोच भार, तोच लहान बफर, ६० तास. वाईट तुकड्यांची मोजणी ०. हरवलेल्या घटनांच्या नोंदी भरपूर आल्या, पण त्या बफर लहान असल्यामुळे, आणि त्या खऱ्या आहेत.

जॉबरला भेटलो. अहवाल मागे घेतला, मालकांसमोर सांगितलं. तो काही बोलला नाही, चहा मागवला.

---

साखरपेठी | रात्री १०:४५

हे चांगलं केलंत. आणि मूळ प्रश्नाचं काय? दोन-तीन सेकंद उशीर कुठे होत होता?

---

रात्रपाळी | पाच दिवसांनी, सकाळी ७:१०

साखरपेठी, त्याचंच उत्तर द्यायला आलोय. रात्रपाळी संपवून थेट लिहितोय.

टूल आता भरवशाचं आहे म्हणून मूळ बफर लावून मागांवर ठेवलं. इंटरप्ट दर वेळी वेळेवर येतो. आमचा प्रोग्रामही लगेच जागा होतो, काही मिलिसेकंदांत. पण कधीकधी तो आधीच्या नोंदीवर अडकलेला असतो. प्रोसेस बदलल्याच्या घटनेत त्याची अवस्था दिसते: डी, म्हणजे डिस्कची वाट बघत न उठता येणारी झोप. प्रत्येक नोंद मेमरी कार्डवर पक्की झाल्याशिवाय आमचा प्रोग्राम पुढे जात नाही आणि कार्डला अधूनमधून दोन-अडीच सेकंद लागतात. तेवढ्यात दुसरा माग थांबला तर त्याची दखल कार्ड मोकळं झाल्यावर घेतली जाते, आणि वेळ आम्ही तेव्हाची लिहीत होतो.

काल बदल केला. वेळ आता इंटरप्ट आला त्या क्षणाची, जीपीआयओच्या (सेन्सर जोडलेल्या पिनच्या) घटनेबरोबर कर्नलच देतो ती. कार्डवर लिहिणं वेगळ्या थ्रेडकडे दिलं.

पहाटे २:१७ ला पाचव्या मागाचा आडवा धागा तुटला. मी बोर्डजवळच उभा होतो, जॉबर मागाजवळ. त्याने हात वर केला, मी पडद्यावर बघितलं. २:१७:०९. त्याने त्याच्या मोबाइलवर बघून ओरडून विचारलं, "किती?" मी सांगितलं. "बराबर," म्हणाला, आणि धागा जोडायला वाकला.